खालाचा हज कुठेही गेलेला नाही

‘हाजींनी मक्का सोडताना पाळायच्या ९ गोष्टी. जरूर वाचा. जो पुढे पाठवणार नाही त्याचा गुनाह त्याच्या डोक्यावर.’ हा मेसेज सध्या दिग्रस-पुसदपासून बाळापूर-अचलपूरपर्यंत मोहल्ल्या-मोहल्ल्याच्या ग्रुपांत फिरतो आहे. खाली ना कुणा आलिमचं नाव, ना मदरशाचं. फक्त एक मोबाइल नंबर, तोही पैसे पाठवण्यासाठी. एवढ्यावरूनच माणसानं ओळखायला हवं होतं, पण नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या खाला मक्केत आहेत, अझीझियातल्या इमारतीत. परवा त्यांचं नागपूरचं विमान आहे आणि काल त्यांना पाळी आली. हा मेसेज त्यांना सख्ख्या भाच्यानं पाठवला, ‘खाला, ये पढ लो’ म्हणून. पहिलाच मुद्दा असा: ‘विदाई तवाफाआधी हैज आला आणि तवाफ राहिला तर हज बातिल.’ हैज म्हणजे पाळी, तवाफ म्हणजे काब्याभोवतीचे सात फेरे, बातिल म्हणजे रद्द. खाला रात्रभर रडल्या. पंधरा वर्षं पै-पै जोडून केलेला हज एका फॉरवर्डनं रद्द करून टाकला. म्हणून हे उत्तर, आणि भाच्यानं हेही तितक्याच तत्परतेनं पुढे पाठवावं.

मेसेज लिहिणाऱ्याची मूळ चूक एकच आहे. त्याला दोन तवाफांतला फरक माहीत नाही. एकाचे नियम उचलून दुसऱ्यावर चिकटवले आहेत.

पहिला तवाफ-ए-जियारत. अरफातच्या मैदानातला मुक्काम झाल्यावर, जिल्हिज्जा या हजच्या महिन्याच्या १० तारखेच्या पहाटेपासून हा करायचा असतो. हनफी मसलकात (सुन्नींच्या चार नियम-पंथांपैकी एक) १२ तारखेच्या सूर्यास्तापर्यंत करायचा, विनाकारण उशीर झाला तर दम, म्हणजे भरपाईची कुर्बानी, पडतो. हा फर्ज आहे, हजचा कणाच. याच्याऐवजी बकरा चालत नाही, ऊंट चालत नाही, पैसा चालत नाही. हा होईपर्यंत नवरा-बायको एकमेकांना हलाल होत नाहीत, मग मध्ये वर्ष गेलं तरी.

दुसरा तवाफ-ए-विदा, आपल्याकडे ज्याला विदाई तवाफ किंवा रुखसतीचा तवाफ म्हणतात. बाहेरून आलेल्या हाजीनं मक्का सोडण्याआधी करायचा. हनफी, शाफई आणि हंबली यांच्याकडे हा वाजिब, म्हणजे करायलाच हवा पण फर्जच्या एक पायरी खाली, मालिकींकडे सुन्नत, म्हणजे केलेला चांगला. वाजिब विनाकारण सुटला तर दम द्यावा लागतो, म्हणजे एक बकरा किंवा मेंढी. पण हज होतो. चारही मसलकांत कुणीही असं म्हणत नाही की विदाई तवाफ राहिला म्हणून हज बातिल झाला.

आणि पाळी आलेल्या बाईला तर दमही नाही. तिच्यावर हा तवाफ वाजिबच राहत नाही. हे माझं मत नाही. बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही ग्रंथांमध्ये सहाबी इब्ने अब्बास यांची रिवायत, म्हणजे कथन, आहे: लोकांना हुकूम दिला गेला की मक्का सोडताना त्यांचं शेवटचं काम बैतुल्लाहचा तवाफ असावं, मात्र हैजवाल्या बाईला यातून सूट दिली गेली. हुकूम आणि सूट एकाच वाक्यात आहेत. मेसेजवाल्यानं अर्धं वाक्य घेतलं आणि अर्धं गिळलं.

याहून ठोस प्रसंग हवा असेल तर तोही याच दोन ग्रंथांत आहे. हिजरी सन १० मधला रसूलुल्लाहंचा, म्हणजे पैगंबरांचा, स्वतःचा हज, हज्जतुल विदा. मक्का सोडायची वेळ आली आणि त्यांच्या पत्नी हजरत सफिया यांना हैज आला. कळल्यावर त्यांनी विचारलं, ही आपल्याला अडकवून ठेवणार की काय? सांगितलं गेलं, त्यांचा तवाफ-ए-इफादा, म्हणजे जियारतचा तवाफ, झालेला आहे. त्यावर उत्तर आलं, मग काही नाही, निघू द्या. विचारलं फक्त जियारतचं. तो झाला होता, तेवढ्यावर काफिला निघाला.

आता जे कबूल करायचं ते करतो. हा प्रश्न अगदीच अडाणी नाही. सहाबांमध्येही, म्हणजे रसूलुल्लाहंच्या साथीदारांमध्येही, यावर मतभेद झाला होता. हजरत जैद बिन साबित म्हणत, बाईनं पाक होईपर्यंत थांबावं. मदिन्याचे काही लोक इब्ने अब्बासना म्हणाले, जैद यांचं मत सोडून आम्ही तुमचं घेणार नाही. ते म्हणाले, मदिन्यात जाऊन विचारा. लोकांनी जाऊन विचारलं, आणि ज्यांना विचारलं त्यांत उम्मे सुलैम होत्या. त्यांनी सफियांचाच प्रसंग सांगितला. म्हणजे ज्या प्रश्नानं खालाची झोप उडवली, त्याचं उत्तर चौदाशे वर्षांपूर्वी मिळून गेलेलं आहे, आणि सांगणाऱ्यांत एक बाई होती.

खालांच्या बाबतीत तर एवढंही लागत नाही. जियारतचा तवाफ ११ तारखेला झाला, आणि त्यानंतर दोन दिवसांनी त्यांनी एक नफल, म्हणजे ऐच्छिक, तवाफही केला. हनफी मसलकात जियारतनंतर केलेला कोणताही नफल तवाफ विदाईत धरला जातो, ‘विदाई’ची वेगळी नियत केली नसली तरी. निघताना पुन्हा करणं मुस्तहब, म्हणजे चांगलं, पण वाजिब उतरलेलं असतं. म्हणून हजच्या तालीममध्ये बायांना आवर्जून सांगायला हवं: जियारत झाल्यावर पाक आहात, अंगात ताकद आहे, तर त्याच दोन दिवसांत एक नफल तवाफ उरकून घ्या. पाय सुजलेले असतात, अझीझियाहून हरमच्या (काब्याच्या मस्जिदीच्या) बसेस हजच्या ऐन दिवसांत बंद असतात, त्यामुळे बायका ‘निघताना करू’ म्हणून पुढे ढकलतात. मग असं होतं.

दोन बारीक गोष्टी. मक्केची वस्ती सोडायच्या आत पाळी संपली तर गुस्ल (पाकीची अंघोळ) करून तवाफ करावा लागतो, तेव्हा सूट राहत नाही. बस वस्तीबाहेर पडल्यावर पाक झाली तर परत फिरायची गरज नाही. आणि रक्त दिसलं म्हणजे प्रत्येक वेळी हैज नसतो. हनफी हिशेबात हैज कमीत कमी ३ दिवस म्हणजे ७२ तास, जास्तीत जास्त १० दिवस, आणि दोन हैजांच्या मध्ये किमान १५ दिवस पाकीचे. या चौकटीबाहेरचं रक्त म्हणजे इस्तिहाजा. त्यात वजू करून नमाजही होते आणि तवाफही. चाळिशी ओलांडलेल्या बायांची पाळी तशीच मागेपुढे होते, त्यात ऊन, चालणं आणि जागरण. तारखा कागदावर लिहून ठेवल्या तर आलिमला विचारताना निम्मं काम झालेलं असतं.

खरा पेच दुसरीकडे आहे, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल एक अक्षर नाही. जियारतचाच तवाफ राहिला असताना पाळी आली तर? तेव्हा मात्र थांबावं लागतं. पाक होऊन तवाफ करायचा, त्या उशिराचा दम नाही. विमान आधीचं असेल तर पहिल्याच दिवशी आपल्या गटाच्या खादिमुल हुज्जाजना, ज्यांना आता स्टेट हज इन्स्पेक्टर म्हणतात, सांगायचं. ते भारताच्या हज मिशनशी बोलून तारखेचं बघतात. लाजून शेवटच्या रात्रीपर्यंत लपवलं तर कुणाच्याच हातात काही उरत नाही. आणि काही केल्या थांबता येतच नसेल तर हनफी आलिम अखेरचा मार्ग सांगतात: त्या हालतीतला तवाफ अदा होतो, पण गुनाह आहे, तौबा करावी लागते आणि हरमच्या हद्दीत, म्हणजे मक्केच्या पवित्र हद्दीत, ऊंट किंवा गाय कुर्बान करावी लागते. हा मार्ग आलिमला विचारूनच, फॉरवर्ड वाचून नाही.

आता याच मुद्द्याची शेपटी, जी सगळ्यात घातक आहे: ‘पाळी सुरू झाली तर पाळी थांबवायच्या ४ गोळ्या एकदम घ्या, तासाभरात रक्त थांबेल.’

कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? पाळी पुढे ढकलायला नॉरएथिस्टेरॉन नावाची गोळी असते. ती पाळी यायच्या किमान ३ दिवस आधी सुरू करतात. नेहमीचा डोस ५ मिलिग्रॅम, दिवसातून ३ वेळा, आणि जितके दिवस ढकलायची तितके दिवस रोज. बंद केली की दोन-तीन दिवसांत पाळी येते. तिचं काम गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवण्याचं आहे. अस्तर गळायला लागल्यावर चार काय नि आठ काय, तासाभरात रक्त थांबत नसतं. उलट मळमळ, डोकेदुखी, चक्कर, आणि थेंब-थेंब रक्त दिवसेंदिवस चालू राहण्याची शक्यता. मग ते हैज की इस्तिहाजा, हा गोंधळ वेगळा. ज्यांना पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली आहे, यकृताचा आजार आहे, स्तनाचा कॅन्सर झालेला आहे, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव आहे, त्यांनी ही गोळी घ्यायचीच नाही. आणि इथे तर बाई तासन्‌तास विमानात पाय लोंबकळत बसणार, पाणी कमी पिणार. गोळी घ्यायचीच असेल तर ती गावातून निघण्याआधी, डॉक्टरला बीपी आणि जुने आजार सांगून, घड्याळ लावून घ्यायची. एक डोस चुकला की डाग दिसतो, आणि गर्दीत डोस चुकतोच. मेडिकलवाल्याला ‘ते पाळीवालं द्या बा’ म्हणून घेतलेली पट्टी यात मोजू नका.

बरं, गोळीनंही भागलं नाही तर काय? मेसेजकडे तेही आहे: ‘राहिलेल्या तवाफाचा दम म्हणून खालील नंबरवर ११,५०० रुपये पाठवा, तुमच्या नावानं आपल्याच तालुक्यात बकरा कापून गरिबांत वाटला जाईल.’ म्हणजे आधी घाबरवा, मग बिल द्या.

पहिलं, पाळीमुळे राहिलेल्या विदाई तवाफाला दमच नाही, हे वर आलं. दुसरं, ज्याच्यावर खरंच दम पडतो, उदाहरणार्थ धडधाकट माणूस विसरून तसाच निघून आला, त्याचाही बकरा हरमच्या हद्दीतच कापला जावा लागतो. दारव्ह्यात कापलेला बकरा सदका, म्हणजे दान, होईल, दम होणार नाही. त्यासाठी तिकडे ‘अदाही’ ही सौदी सरकारची कुर्बानीची व्यवस्था आहे, तिची पावती मिळते. घाईही नाही. घरी आल्यावर, पुढच्या वर्षी जाणाऱ्या विश्वासू हाजीच्या हातून केला तरी उतरतो. जागा ठरलेली आहे, तारीख नाही. तिसरं, चूक मीकातच्या, म्हणजे एहराम बांधूनच ओलांडायच्या हद्दीच्या, आत लक्षात आली तर परत जाऊन तवाफ करणं हाच सरळ उपाय. मीकात ओलांडली असेल तर परतायला नवा उमऱ्याचा एहराम लागतो, म्हणून तिथे दम सोपा पडतो. आणि सातपैकी चार किंवा जास्त फेरे झाले, एक-दोन-तीन राहिले, तर दमही नाही. राहिलेल्या प्रत्येक फेऱ्यामागे सदका-ए-फित्रएवढा (रमजान ईदच्या दानाएवढा) सदका. मेसेजवाल्याला एवढे बारकावे परवडणारे नाहीत. त्याचा भाव एकच, ११,५००. ज्यांनी पैसे पाठवलेत त्यांनी त्या नंबरकडे अदाहीची पावती मागून बघावी.

बाकीचे मुद्दे त्या मानानं हलके आहेत, पण दोन-तीन ठिकाणी थांबावं लागेल.

‘विदाई तवाफानंतर पाणी प्यायलं, जेवलं, झोपलं किंवा काही विकत घेतलं तर तवाफ तुटतो.’ तवाफ काय रोजा आहे तुटायला? यामागचा अर्धा खरा भाग एवढाच की हा तवाफ शेवटी करायचा असतो, करून मग चार दिवस मक्केत बाजारहाट करायची नसते. शाफई आणि हंबली यात जास्त कडक आहेत, त्यांच्याकडे विनाकारण बराच वेळ रेंगाळलं तर पुन्हा करावा लागतो. पण सामान बांधणं, जेवणं, साथीदारांची आणि बसची वाट बघणं, रस्त्यात काही घेणं याला त्यांच्याकडेही मुभा आहे. हनफींकडे तर तवाफ झाला तो झालाच, रात्र थांबावं लागलं तर सकाळी पुन्हा करणं फक्त मुस्तहब.

आणि पाणी प्यायचं नाही म्हणे. तवाफ झाल्यावर दोन रकात नमाज आणि मग जमजम पिणं हा तर त्याच्या तरतिबीचाच, म्हणजे क्रमाचाच, भाग आहे.

प्रत्यक्षात गडबड होते ती वेळेच्या हिशेबात. चेक-इनचं सामान बसच्या कितीतरी आधी, बहुधा आदल्या दिवशीच, इमारतीतून उचलतात. बस विमानाच्या अनेक तास आधी निघते. अझीझियाहून हरमला जायचं, तवाफ करायचा, परत यायचं, यात गर्दीच्या वेळी सहज पाच-सहा तास जातात. त्यामुळे बसच्या वेळेपासून उलटा हिशेब करा. बस दुपारची असेल तर तवाफ फज्रच्या आधी-नंतर, बस पहाटेची असेल तर आदल्या रात्री इशानंतर. ‘शेवटचं म्हणजे अगदी शेवटचं’ म्हणत बसच्या दोन तास आधी हरमला गेलेला हाजी एक तर बस चुकवतो, नाही तर तीन फेऱ्यांवर धावत परत येतो. तरतीबही लक्षात ठेवा: एहराम नाही, साधे कपडे. रमल नाही, म्हणजे झपझप चालणं नाही. खांदा उघडा नाही. सई, म्हणजे सफा-मरवामधल्या येरझारा, नाही, केस कापणं नाही. हजरे अस्वदच्या (काब्यातल्या काळ्या दगडाच्या) सरळ रेषेपासून सात फेरे. तिथे भिंतीवर हिरवा दिवा असतो, तो खूण म्हणून पुरतो. चुंबन मिळालं नाही तर हातानं इशारा. वजू तुटला तर बाहेर या, वजू करा, तिथून पुढे चालू. फेरा मोजायला बोटात तसबीह किंवा खिशात सात खडे. गर्दीत पाच झाले की सहा, हे भल्याभल्यांना आठवत नाही. शक असेल तर कमी आकडा धरून पुढे जा.

‘काबागृहाकडे पाठ केली तर तवाफ बरबाद, उलटं चालतच बाहेरच्या फाटकापर्यंत या.’ इथे मला थोडं मागे यावं लागेल. हनफी फिक्हच्या जुन्या ग्रंथांत हे आहे खरं, की निरोप घेताना काब्याकडे तोंड ठेवून, जुदाईच्या दुःखानं रडत, मागे-मागे चालत मस्जिदीबाहेर यावं. अदब म्हणून लिहिलेलं आहे, शर्त म्हणून नाही. इमाम नववींसारख्या शाफई आलिमांनी तर याला सुन्नतमध्ये आधार नाही म्हणून नापसंतच केलं. आणि ते ग्रंथ लिहिले गेले तेव्हा मताफमध्ये, म्हणजे तवाफाच्या पटांगणात, लाखाची गर्दी नव्हती. आज साठीचा माणूस उलटा चालला तर मागून येणाऱ्या व्हीलचेअरवर आपटतो, त्याच्यावर चार जण पडतात. हरमचे शिपाई उलटं चालणाऱ्याला हात धरून सरळ करतात ते काही बेअदब आहेत म्हणून नाही. सरळ चाला, वळून एकदा बघावंसं वाटलं तर बाजूला उभं राहून बघा. दुवा मराठीत केली तरी चालते, वऱ्हाडीत केली तरी चालते.

‘१२ तारखेला मिना सोडली तर हज अधुरा, १३ ला खडे मारल्याशिवाय निघू नये.’ कुरआन उघडा, सूरह बकरा, आयत २०३: जो दोन दिवसांत घाईनं निघाला त्याच्यावर गुनाह नाही, जो थांबला त्याच्यावरही नाही. १० ला मोठ्या जमराला (सैतानाच्या खुणेच्या खांबाला) ७ खडे, ११ आणि १२ ला तिन्हींना सात-सात म्हणजे रोजचे २१, एकूण ४९. तेराला थांबलात तर आणखी २१, म्हणजे ७०. बाराला सूर्यास्ताआधी मिनाची हद्द सोडा. हनफींकडे त्यानंतर निघणं मकरूह, म्हणजे नापसंत, आहे, आणि १३ ची पहाट मिनात झाली तर त्या दिवसाचे खडे वाजिब होतात. बस येईना, तंबूतच सकाळ झाली, आणि मग खडे न मारता निघाले, इथे दम पडतो. सांगायचं होतं ते हे.

‘म्हाताऱ्या हाजींचा विदाई तवाफ दुसऱ्यानं केला तरी चालतो.’ नाही चालत. पुन्हा तीच सरमिसळ, या वेळी खड्यांची आणि तवाफाची. ज्याला खरंच उभं राहवत नाही त्याच्या वतीनं खडे मारता येतात. तवाफ मात्र ज्याचा त्यानंच करायचा, मग चालत, व्हीलचेअरवर किंवा कुणाच्या खांद्यावर. हरममध्ये व्हीलचेअर आणि बॅटरीच्या गाड्या मिळतात. वरच्या मजल्यावरचा फेरा खालच्यापेक्षा कितीतरी पट लांब असतो, पण गाडीवर बसलेल्याला त्याचं काय. ढकलणाऱ्यानं आपलीही नियत केली तर दोघांचाही तवाफ होतो. भाड्यानं माणूस लावायचा असेल तर अधिकृत गणवेशवाला बघा आणि दर आधी ठरवा.

‘मदिन्यात ४० नमाजा पूर्ण न करता परतणाऱ्याचा हज कबूल नाही.’ हज मक्का, मिना, अरफात आणि मुजदलिफात होतो. मदिन्याची जियारत मोठ्या भाग्याची, पण हजचा रुक्न, म्हणजे अनिवार्य भाग, नाही. चाळीस नमाजांची रिवायत मुसनद अहमद या हदीसग्रंथात आहे, तिच्या सनदीवर, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीवर, अनेक मुहद्दिसांनी (हदीसच्या जाणकारांनी) बोट ठेवलेलं आहे, आणि तीत हजचा उल्लेखही नाही. आठ दिवस मिळाले तर जरूर पूर्ण करा. विमान आधी असेल तर ३५ वर निघा. हजनंतर मदिन्याला जाऊन तिथूनच विमान असणाऱ्यांनी एवढं मात्र ध्यानात ठेवावं: त्यांचा विदाई तवाफ मक्का सोडतानाच, मदिन्याच्या बसमध्ये बसण्याआधी. मागे फिरणं नंतर नसतं.

‘जमजमचे कॅन प्लास्टिकमध्ये गुंडाळून बॅगेत टाका, आणि जमजम सुरू असेपर्यंत शुगर-बीपीच्या गोळ्या बंद ठेवा.’ हज कमिटीच्या हाजींना ५ लिटरचा सीलबंद कॅन परतल्यावर इथल्या विमानतळावरच मिळतो, आपल्यासाठी नागपूरला. बॅगेत कोंबलेला कॅन स्कॅनमध्ये दिसतो, बॅग उघडतात, कॅन तिथेच राहतो आणि कधी कधी बॅगही मागे राहते. वजनाचा आकडा आपल्या वर्षाच्या पत्रकात बघा आणि खजुरांना त्यात जागा ठेवा. गोळ्यांबद्दल बोलायचीही गरज पडू नये. जमजम बरकतीचं पाणी आहे, इन्शुलिन नाही. गोळ्यांची पट्टी हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

आणि शेवटचा, खास आपल्याकडचा मुद्दा: ‘नागपुरात उतरल्यावर आधी ताजबागला हाजिरी, मग गावजेवण, नाही तर हज कबूल होत नाही; आणि चाळीस दिवस हाजीनं उंबरठा ओलांडू नये.’

ताजबागला, बाबा ताजुद्दीनांच्या दर्ग्यात, श्रद्धेनं जाणारे जातात, जावोत. पण त्याचा हजच्या कबुलियतशी संबंध जोडायला कुणी सांगितलं? सफरहून आल्यावरची सुन्नत कअब बिन मालिक यांच्या हदीसमध्ये स्पष्ट आहे: रसूलुल्लाह सफरहून आले की आधी मस्जिदीत जाऊन दोन रकात नमाज पढत. म्हणजे गावात शिरल्यावर आपली मोहल्ल्याची मस्जिद, मग घर.

जेवणाचं मात्र कबूल करतो, आधार आहे. हजरत जाबिर यांची रिवायत बुखारीत आहे की मदिन्याला परतल्यावर रसूलुल्लाहंनी ऊंट किंवा गाय जिबह केली होती. ज्याच्याकडे आहे त्यानं खाऊ घालावं, सुन्नतच आहे. पण ‘नाही तर हज कबूल नाही’ हे शेपूट कुठून आलं? सध्या हज मे-जूनमध्ये येतो, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. हाजी परततात ते नेमके मृगाच्या तोंडावर. घरात जे काही असतं ते बियाण्याला आणि खताला ठेवलेलं. हजचे हप्ते भरताना आधीच तूर-कापूस विकून झालेला. अशा वेळी पाचशे पानांची बिर्याणी कर्जावर उठवायची, मंडपवाल्याला आणि डीजेवाल्याला पैसे द्यायचे, आणि सोयाबीनच्या पेरणीला सावकाराच्या दारात जायचं. हज फर्जच त्याच्यावर आहे ज्याला ऐपत आहे, आणि ऐपतीत मागे राहिलेल्या घरच्यांचा खर्चही धरलेला आहे. परतल्यावर घराला कर्जात घालणारं जेवण त्याच हिशेबात कसं बसवता? दोन किलो खजूर आणि घोट-घोट जमजम एवढ्यावर अख्खा मोहल्ला खूश होतो, झालेला आहे.

चाळीस दिवस घरात बसायचं तर पेरणी कोण करेल, हेही त्या ९ गोष्टींत लिहायचं राहिलं वाटतं. हाजीनं पहिले काही दिवस आराम करावा, टाचांच्या भेगा भरू द्याव्यात, एवढं ठीक. घराबाहेर पडावंच लागेल अशी एक गोष्ट मात्र आहे. परतल्यापासून १४ दिवसांच्या आत ताप, खोकला किंवा दम लागणं सुरू झालं तर त्याला ‘हजची खांसी’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा तो साधा सर्दी-खोकलाच निघतो, पण तिकडे ऊंटांमधून येणारा मर्स नावाचा श्वसनाचा विषाणू आहे, आणि त्याची लक्षणं इतक्याच दिवसांत दिसतात. तालुक्याच्या दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं: सौदीहून अमुक तारखेला आलो. केसपेपरवर ते लिहून घ्यायला लावायचं. आणि तोवर नातवंडांना मांडीवर घेऊ नका, गळाभेटीला येणाऱ्यांना दारातूनच सलाम करा.